जुन्या मेनफ्रेमवरून नव्या यंत्रावर जाताना

सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या आमच्या ज्या ग्राहकांचं पगारपत्रक, स्टोअर्स किंवा खातेवह्या अजून जुन्या मेनफ्रेमवर (मोठ्या कार्यालयांच्या मध्यवर्ती संगणकावर) चालतात, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. सुटे भाग मिळेनासे होतात, टेप ड्राइव्ह दुरुस्त करणारा माणूस निवृत्त होतो, एसीचं बिल डोईजड होतं. मग निर्णय होतो आणि त्याच बैठकीत कोणीतरी सुचवतं, "यंत्र बदलतोच आहोत, तर प्रोग्रामही नव्याने लिहून घेऊ."

आमचं ठाम मत आहे की ही दोन कामं एकत्र करू नयेत. दोन्ही बदललं आणि महिनाअखेरीला बेरीज जुळली नाही, तर चूक यंत्र बदलल्यामुळे झाली की नव्या प्रोग्राममुळे, हे शोधण्यातच आठवडे जातात. आधी प्रोग्राम आहे तसा हलवा. तो स्थिरावला, एक वर्षअखेर नीट पार पडली, की सुधारणांना हात घाला.

'आहे तसा' हलवणं शक्य असतं. आयबीएमने १९६४ साली सिस्टीम/३६० आणली, त्या कुळातल्या पुढच्या यंत्रांवर जुने प्रोग्राम चालावेत असंच धोरण राहिलं आहे. अशा नव्या मेनफ्रेमचा खर्च झेपत नसेल, तर साध्या सर्व्हरवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बसवता येतो किंवा कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला मूळ कोड लिनक्सवर पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे त्या यंत्रावर चालेल अशा रूपात बदलता येतो. मात्र मूळ कोड हाती असायला हवा. पुष्कळ ठिकाणी चालणारा प्रोग्राम असतो आणि त्याचा कोड कुठे ठेवलाय हे कोणालाच ठाऊक नसतं. हे पहिल्याच आठवड्यात तपासा, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

खरी काळजी डेटाची

प्रत्येक अक्षर यंत्रात एका ठरावीक अंकसंकेताने साठवलेलं असतं. मेनफ्रेमवर अक्षरं एब्सिडिक संकेतात असतात, साध्या सर्व्हरवर आस्की किंवा युनिकोड या संकेतांमध्ये. म्हणून सगळी फाइल जुन्या संकेताला नवा संकेत देणाऱ्या एका तक्त्यातून फिरवून बदलावी, असा मोह होतो. नावं-पत्ते त्यातून सुखरूप निघतात, रकमा निघत नाहीत. कोबोलमध्ये रक्कम बहुधा आवळून ठेवलेली असते, एका बाइटमध्ये (साठवणीच्या एका घरात) दोन आकडे. १२३.४५ रुपये तीन बाइटमध्ये १२ ३४ ५सी असे बसतात. शेवटचा 'सी' म्हणजे अधिक चिन्ह, आणि दशांश कुठे हे फक्त प्रोग्रामला माहीत. एब्सिडिकमध्ये ५सी हाच संकेत चांदणीचाही (*) आहे. तक्त्याने तिथे आस्कीतली चांदणी घातली की ५ हा आकडा आणि चिन्ह दोन्ही गेले. म्हणून आम्ही प्रत्येक फाइल रकान्यागणिक उलगडतो. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

क्रमही बदलतो. एब्सिडिकमध्ये अक्षरं आकड्यांच्या आधी येतात, आस्कीत उलट. तुमच्या मालाच्या कोडमध्ये दोन्ही असतील, तर क्रमाने लावलेल्या दोन फाइली जुळवणारा प्रोग्राम असलेल्या नोंदीही 'सापडत नाही' म्हणून दाखवू शकतो.

टेपबद्दल एकच आग्रह : ड्राइव्ह चालू आहे तोवर सगळ्या टेप वाचून घ्या. नाशिकचे इतके पावसाळे काढलेली टेप दुसऱ्यांदा वाचता येईलच असं नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं निदान ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि ती मागितल्यावर वाचताही आली पाहिजेत.

दोन्ही यंत्रं सोबत चालवा

नवं यंत्र लागल्यावर जुनं लगेच बंद करू नका. किमान एक तिमाहीअखेर दोन्हीकडे तीच नोंद करा आणि अहवाल पैशापर्यंत ताडून पाहा. लेखा विभागाला हे दुहेरी काम जड जातं, म्हणून त्यांच्या मदतीला माणूस आधीच मंजूर करून ठेवा. छपाईचीही चाचणी याच काळात घ्या. १३२ रकान्यांच्या छापील कागदावर निघणारी पगारचिठ्ठी नव्या प्रिंटरवर एक ओळ खाली सरकली, तरी भविष्यनिर्वाह निधीचा आकडा भलत्याच चौकटीत पडतो.

बदलाची तारीख मार्चअखेर, दिवाळी बोनस आणि तुमच्या हंगामाची घाई टाळून ठरवा. साखर कारखान्याने गाळप संपल्यावर, द्राक्ष निर्यातदाराने एप्रिल उलटल्यावर.

पहिल्या भेटीला मागच्या वर्षअखेरचे छापील अहवाल काढून ठेवा. रात्रीच्या बॅच (एकामागून एक आपोआप चालणारी कामं) कोणत्या क्रमाने लागतात आणि मधेच अडकल्या तर काय करायचं, हे ज्या ऑपरेटरला तोंडपाठ आहे त्यालाही बोलवा. तो निवृत्त झाला असेल, तर मानधन देऊन बोलवा.