फेसलिफ्टचा आरसा आणि नव्या जनरेशनचा आरसा: जुन्या गाडीला कुठला बसतोय?

"नव्या मॉडेलचा साईड मिरर माझ्या जुन्या गाडीला बसतोय काय?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, नवं म्हणजे कुठलं नवं? कारण बेळगाव असू दे, खानापूर असू दे नाहीतर निपाणी-चिकोडी, आपल्याकडं दोन वेगळ्या गोष्टींना सगळे सर्रास नवं मॉडेलच म्हणतात. एक म्हणजे फेसलिफ्ट, दुसरी म्हणजे नवी जनरेशन. आणि आरशाच्या बाबतीत ह्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकात दहा नंबरचा पाना घेऊन घरी बसून काम होतंय आणि दुसऱ्यात पैसे पाण्यात जातायत.

फेसलिफ्टमध्ये कंपनी काय करते तर पुढची जाळी, बंपर, हेडलाइट, टेललाइट, आतली स्क्रीन, सीटचं कापड असलं सगळं बदलते, म्हणजे लांबनं गाडी नवी दिसते. पण दारं शक्यतो तीच ठेवते, कारण दाराचा पत्रा दाबायचे जे साचे असतात ते नवीन करायचे म्हणजे अफाट खर्च. नवी जनरेशन आली की मात्र बहुतेक वेळा खालचा प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, पुढच्या पिलरचा म्हणजे समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाचा तिरपेपणा, दारं, काचा सगळंच नवं येतंय. आता आरसा कुठं असतो? बंपरला नाही, दाराला असतो. त्यामुळं दार तेच असेल तर आरसा बसायची आशा आहे, दार बदललं असेल तर विषय तिथंच संपतो. गाडीचं तोंड किती सारखं दिसतंय ह्याचा इथं काडीचा संबंध नाही.

स्विफ्टच घ्या, आपल्या भागात गल्लीगल्लीत उभी असते. पहिली स्विफ्ट 2005 ला आली, दुसरी 2011 ला, तिसरी 2018 ला आणि चौथी 2024 ला. ह्या झाल्या जनरेशन. मध्ये 2014 ला दुसऱ्या स्विफ्टचं फेसलिफ्ट आलं आणि त्यात टॉप मॉडेलला बटणावर मिटणारे आरसे दिले. आता 2012 ची बेस मॉडेल स्विफ्ट असलेल्या माणसाला 2014 च्या टॉप मॉडेलचा आरसा नवा आणि 2018 चा आरसापण नवाच, पण पहिला त्याच्याच दाराचा आहे आणि दुसरा परक्या दाराचा. दोन्ही आरसे टेबलावर शेजारी ठेवले तर वरनं बऱ्यापैकी सारखे वाटतात, म्हणूनच फसायला होतंय. उलटं करून बूड बघा, जिथं आरसा दाराला टेकतो तो भाग, बोल्ट कुठं येतायत आणि कडेचा बाक कसा आहे. खरा आरसा तिथं कळतो.

सगळ्यात जास्त घोळ होतोय तो वर्षावरनं. दुकानात जाऊन "2017 चा द्या" म्हटलं की तुम्ही अर्धं चुकलाच. 2017 च्या मे महिन्यात डिझायर नवीन प्लॅटफॉर्मवर आली, पण त्या वर्षी विकली जाणारी स्विफ्ट अजून जुन्याच जनरेशनची होती, नवी स्विफ्ट 2018 ला आली. म्हणजे वर्ष एक, कंपनी एक, शोरूमपण एकच, आणि दारं वेगळी. होंडा सिटीचं तर आणखी अवघड, 2020 ला पाचवी सिटी आली तरी चौथी सिटी पुढं 2023 पर्यंत शोरूममध्ये मिळतच होती, त्यामुळं 2021 ची सिटी म्हणजे कुठली हे आरसी बुकावरचं वर्ष बघून सांगताच येत नाही. आणि ह्याच्या उलटपण असतंय बघा, नेक्सॉन 2017 ला आली, 2020 ला चेहरा बदलला, 2023 ला तर ओळखू येईना इतका बदलला, पण सांगाडा मूळचाच. म्हणून मी म्हणतो वर्ष सांगू नका, जनरेशन सांगा, आणि जमलं तर पार्ट नंबर सांगा. मारुतीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कसला आहे ते सांगतात आणि पुढची अक्षरं-आकडे गाडी आणि प्रकार कुठला ते. दुकानदाराला हे लगेच कळतंय, फोटो व्हॉट्सअपवर पाठवून "असाच पाहिजे" म्हणण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

पार्ट नंबर नसला तर एक साधा उपाय आहे आणि तो मला फार पटतो. दाराच्या आतनं आरशाच्या जागी एक प्लॅस्टिकचा त्रिकोण असतो, तो कडेनं हलकं उचलला की क्लिपा सुटतात, खाली बहुतेक गाड्यांत तीन बोल्ट किंवा नट दिसतात. बाहेरनं एका हातानं आरसा धरूनच ते सोडवा नाहीतर शेवटचा बोल्ट निघाला की आरसा वायरवर लोंबकळतो आणि पेंटला ओरखडा जातोय. मग आरशाचं बूड एका जाड पुठ्ठ्यावर दाबून पेन्सिलनं कड आखायची, तिन्ही भोकं टोचायची, वरची बाजू कुठली आणि डावा की उजवा ते लिहायचं. तो पुठ्ठा घेऊन कोल्हापूरला जावा, हुबळीला जावा, जुना माल विकणाऱ्याकडं समोरच्या आरशावर ठेवून बघायचा. तिन्ही भोकं आणि कड जुळली तर पुढचं बोला, दोन जुळली आणि एक इकडं-तिकडं असेल तर सरळ ठेवून द्या.

इथं कोणीतरी म्हणणारच, "अण्णा, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत जाऊन अॅल्युमिनियमची प्लेट करून घेऊया की, मध्ये टाकू, बसतंय." उद्यमबागेत काय वाट्टेल ते करून मिळतंय हे मान्य, तिथल्या कारागिरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आरशाला प्लेट लावणं मला पटत नाही. प्लेट टाकली की आरसा दारापासनं लांब जातो, वजन पुढं लोंबतंय, आणि हायवेला वेग वाढला की आरशाची काच थरथरते. दिवसा चालून जातंय एकवेळ, पण रात्री मागच्या गाडीचा दिवा एका ठिपक्याऐवजी रेघ दिसायला लागला तर ती गाडी किती लांब आहे ह्याचा अंदाजच येत नाही. उसाचा सिझन सुरू झाला की दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निपाणी-चिकोडी भागातल्या रस्त्यांवर असतात, त्यातल्या कित्येकांना मागं दिवाच नसतो, तसल्याला ओव्हरटेक करायच्या आधी मागचं नीट दिसणं हा जिवाचा प्रश्न आहे. शिवाय दाराचा बाक आणि बुडाची कड जुळली नाही की फटीतनं वारा शिट्टी मारतोय आणि पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंय. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको.

तर नव्या जनरेशनचा आरसा जुन्या दाराला, हे माझ्या मते करूच नये. आता राहिला फेसलिफ्टचा किंवा त्याच जनरेशनच्या टॉप मॉडेलचा आरसा. हा बोल्टवर बसतोय, पण बसला म्हणजे चालला असं नाही. इथं दुसरा गोंधळ सुरू होतो, 'ऑटो मिरर' म्हणून जे विकतात त्यात तीन वेगळी कामं एकत्र मिसळलेली असतात.

पहिलं काम म्हणजे काच हलवणं. आरशाच्या आत काचेच्या मागं दोन बारक्या मोटरी असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी, त्यांना मिळून साधारण तीन वायरी पुरतात, कारण एक वायर दोघींना सामाईक असते आणि दिशा बदलायची तर स्विच फक्त प्लस-मायनस उलटा करतोय. दुसरं काम म्हणजे अख्खा आरसा मिटणं. त्याला वेगळी जाड मोटर आणि गिअर, दोन वायरी जास्त, आणि करंटपण जास्त ओढते. त्यामुळं नुसता काच हलवणारा आरसा आणि मिटणारा आरसा ह्यांचे कप्लर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, वेगळे येतात. त्यात आरशावर इंडिकेटर असला की आणखी पिना, काच तापवायचा हीटर असला तर आणखी दोन. म्हणून घ्यायच्या आधी कप्लरच्या पिना मोजा आणि आपल्या दारात किती वायरी आल्यात ते बघा. बेस मॉडेल असेल तर बऱ्याचदा दारात आरशासाठी एकपण वायर नसते.

वायर नसली तर ओढता येते, पण कुठनं ओढली ते विचारा. पिलर आणि दाराच्या मध्ये बिजागरीजवळ रबराची नळी असते, पॉवर विंडोची वायर तिच्यातनंच जाते, नवी वायर तिच्यातनंच गेली पाहिजे. आमच्या वडगावातल्या एका काकांच्या गाडीत एका वायरमननं वेळ वाचवायला वायर बाहेरनंच बीडिंगच्या, म्हणजे दाराच्या कडेच्या रबराच्या, खालनं नेली होती. दार उघड-बंद होऊन होऊन वायर सोलली, पत्र्याला टेकली आणि फ्यूज उडाला. नशीब फ्यूज होता, कारण काही लोक थेट बॅटरीवरनं फ्यूजशिवाय करंट घेतात, ते मात्र अजिबात करू देऊ नका.

तिसरं काम म्हणजे गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटणं, आणि लोकांना खरं तर हेच पाहिजे असतंय. 2021 च्या स्विफ्ट फेसलिफ्टला टॉप मॉडेलमध्ये हे आलं. मग 2018 वाला तो आरसा आणतो, बसवतो, आणि लॉक केल्यावर काहीच होत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. आरशात दोष नाही हो. आरशाला फक्त "मीट" आणि "उघड" एवढंच कळतंय, कधी मिटायचं हे गाडीतला कंट्रोल युनिट सांगतो, आणि जुन्या गाडीच्या युनिटला ते माहीतच नसतंय. त्यासाठी सेंट्रल लॉकच्या वायरीवरनं इशारा घेणारा वेगळा मॉड्युल मिळतो, तो चालतो. पण तो घ्यायचा नसेल तर साधा मिटायचा स्विच बसवला तरी बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीत गाडी लावताना काम भागतंय, मला तरी स्विचच आवडतो कारण बिघडायला कमी जागा.

इंडिकेटरवाला आरसा घेतला तर फेंडरवरचा, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचा, जुना इंडिकेटर काढू नका. जुना बल्ब तसाच ठेवून आरशातला एलईडी त्याच लाइनवर जोडला की दोन्ही नीट मिचकतात. बल्ब काढून फक्त एलईडी ठेवला तर लोड कमी होतंय आणि काही गाड्यांत बल्ब गेल्यासारखं इंडिकेटर फडफड फडफड करतंय.

एक बारीक गोष्ट सगळे विसरतात, तो आतला त्रिकोण. जुन्या आरशाला आतनं हलवायचा लिव्हर असेल तर त्या त्रिकोणाला भोक असतंय. नवा मोटरवाला आरसा बसला की भोक रिकामं राहतंय, तिथनं वारा घुसतो आणि दिसायलापण वाईट. आरसा घेतानाच त्याच मॉडेलचा बिनभोकाचा त्रिकोण मागून घ्या, नंतर एकटा त्रिकोण शोधत फिरायला लागतंय.

आणि ऑनलाइन मागवत असाल तर बाहेरच्या देशातल्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा आरसा नाही ना हे बघा. बोल्ट जुळतील, पण त्याची काच डावीकडं बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं लावलेली असते, आपल्या सीटवरनं पूर्ण कोपऱ्यात नेली तरी हवा तो कोन मिळत नाही.

बसवून झालं की दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, लगेच ठोकू नका. आधी काच चारी बाजूंना फिरवून बघा, आरसा चार-पाच वेळा मिटून उघडून बघा, दार पूर्ण उघडून आणि अर्धं उघडून परत तेच करा, कारण नळीत वायर ताणली असेल तर दार उघडल्यावरच कळतंय. मग बादलीभर पाणी आरशाच्या बुडावर ओता आणि आत टॉर्च मारून बघा. एवढं कोरडं राहिलं की पॅड लावा.