परदेशात फायनान्समध्ये मास्टर्स: पहिल्या भेटीआधी घरी वाचायचं पत्रक

आमच्याकडे प्रवेशाच्या सल्ल्यासाठी पहिल्या भेटीला बहुतेक जण खिशात यादी घेऊनच येतात. एचईसी पॅरिस, लंडन बिझनेस स्कूल, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई), ऑक्सफर्ड, केंब्रिज, बोकोनी, एमआयटी स्लोन. नावं सगळी चांगली असतात, पण यादी रँकिंगवरून उतरवलेली असल्यामुळे त्यात दोन वेगळ्या प्रकारचे कोर्स एकमेकांत मिसळलेले असतात. मग पहिला अर्धा तास ते वेगळे करण्यात जातो. तो वेळ वाचावा म्हणून हे पत्रक. विद्यार्थ्याने वाचावंच, पण पैसे ज्यांचे जाणार आहेत त्या आईवडिलांनीही वाचावं.

आधी दार ओळखा

फायनान्सचे मास्टर्स दोन प्रकारचे असतात. एक नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी, दुसरा काही वर्षं नोकरी केलेल्यांसाठी. लंडन बिझनेस स्कूलमध्ये हे दोन्ही आहेत आणि नावंही जवळजवळ सारखी. मास्टर्स इन फायनान्शियल अ‍ॅनालिसिस हा फ्रेशरांचा, तर मास्टर्स इन फायनान्स हा अनुभवी लोकांचा. केंब्रिजचा मास्टर ऑफ फायनान्स किमान दोन वर्षांचा अनुभव मागतो. ऑक्सफर्डचा फायनान्शियल इकॉनॉमिक्स हा नऊ महिन्यांचा कोर्स मात्र अनुभव नसलेल्यांनाही खुला आहे. फायनान्शियल टाइम्सही या दोन गटांची क्रमवारी वेगवेगळी लावतं. तिसऱ्या वर्षाच्या बीकॉमच्या मुलाने केंब्रिजची फी भरून अर्ज करणं म्हणजे चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहणं.

‘सीएची आर्टिकलशिप (सीए होताना फर्ममध्ये करायची उमेदवारी) अनुभवात धरतात का?’ हा आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याला सरसकट उत्तर नाही. अनुभव म्हणजे पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरी, असं अनेक शाळा (म्हणजे बिझनेस स्कूल) मानतात आणि आर्टिकलशिप बहुधा पदवीच्या शिक्षणाबरोबरच चालू असते. अशा वेळी अंदाज बांधू नका. अ‍ॅडमिशन ऑफिसला चार ओळींचा ईमेल करा. उत्तर येतं आणि ते लेखी असतं.

दुसरी गोष्ट पदवीच्या वर्षांची. आपलं बीकॉम, बीएमएस, बीएएफ तीन वर्षांचं. ब्रिटनमध्ये पदवीच तीन वर्षांची असल्याने तिथे अडचण येत नाही, युरोपातही सहसा नाही. अमेरिकेत मात्र काही विद्यापीठं एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. इंजिनिअरना हा प्रश्न येत नाही, त्यांना वेगळा येतो: ‘मग फायनान्सच का?’

गणिताचा पुरावा

बीकॉमवाल्यांना वाटतं की अकाउंट्समध्ये पंच्याण्णव मार्क आहेत, म्हणजे झालं. पण एमआयटी किंवा ऑक्सफर्डच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच संभाव्यता, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, रिग्रेशन सुरू होतं. ट्रान्सक्रिप्ट वाचणारा माणूस तेच शोधत असतो. बारावीनंतर गणित सुटलं असेल तर तो पुरावा दुसरीकडून उभा करावा लागतो. जीमॅट या प्रवेशपरीक्षेच्या क्वांटचा, म्हणजे गणिताच्या भागाचा, चांगला स्कोअर, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारा एखादा गणित-संख्याशास्त्राचा कोर्स, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग. सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या व्यावसायिक परीक्षेची पहिली पातळी उपयोगी पडते, पण तिने विषयाची गोडी दिसते, कॅल्क्युलस येतं हे सिद्ध होत नाही.

एटीकेटी (विषय राहून पुढच्या वर्षात जाणं) असेल तर लपवू नका. ती गुणपत्रिकेवर आहे आणि गुणपत्रिका त्यांच्याकडे जाणारच आहे. टक्क्यांचं जीपीएमध्ये रूपांतरही स्वतः करू नका. विद्यापीठाने जे छापलंय तेच फॉर्मवर लिहायचं. मुंबईचे बासष्ट टक्के आणि दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचे बासष्ट टक्के सारखे नसतात, हे तिथल्या लोकांना माहीत असतं.

जीमॅट की जीआरई

बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. जीमॅटचं जुनं रूप जानेवारी २०२४ अखेर बंद झालं. आताची परीक्षा सव्वादोन तासांची आहे, ४५ मिनिटांचे तीन भाग: क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स. स्कोअर २०५ ते ८०५. त्यामुळे दादाने २०१९ मध्ये ७०० मिळवले होते म्हणून आपल्यालाही ७०० हवेत, हा हिशेब मोडीत निघालाय. पर्सेंटाइलने पाहिलं तर जुन्या ७०० च्या जवळ आज ६४५ येतात. भूमिती आणि निबंध दोन्ही गेले. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो. जीआरई आता दोन तासांच्या आत संपते. दोन्हींचे स्कोअर पाच वर्षं चालतात, आयल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे दोनच वर्षं.

आमचं मत: दोन्हींची एकेक सराव परीक्षा द्या, ज्यात कमी रडू आलं ती घ्या.

वेळापत्रक, आणि आमची एक चूक

कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होणार असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतात. एचईसी आणि बोकोनीसारख्या ठिकाणी राउंड असतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेगळी शेवटची तारीख. एलएसईमध्ये अर्ज येतील तसे तपासले जातात आणि जागा भरल्या की दार बंद. म्हणजे शेवटची तारीख ही खरी तारीख नसतेच. काही वर्षांपूर्वी आम्हीच एका मुलाला सांगितलं होतं, ‘स्कोअर थोडा वाढव, मग फाइल पाठवू.’ स्कोअर वाढला. फाइल मार्चमध्ये गेली आणि तोवर त्या कोर्सच्या जागा संपल्या होत्या. तेव्हापासून आमचा नियम असा: ठीकठाक स्कोअरची नोव्हेंबरची फाइल ही उत्तम स्कोअरच्या मार्चच्या फाइलपेक्षा बरी. म्हणून जीमॅट ऑगस्टपर्यंत संपवा आणि पुन्हा द्यायची वेळ आली तर त्यासाठी जागा ठेवा. दोन प्रयत्नांत किमान सोळा दिवसांचं अंतर लागतं.

लवकर करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. लंडनमधल्या बँकांच्या पुढच्या वर्षीच्या नोकऱ्यांचे आणि इंटर्नशिपचे फॉर्म तिकडचा उन्हाळा संपता संपता, शरद ऋतूत भरले जातात. एक वर्षाच्या कोर्सला सप्टेंबरमध्ये पोचलेला मुलगा बॅग रिकामी करतोय, तोवर काही फॉर्म बंद व्हायलाही लागलेले असतात. सीव्ही आणि मुलाखतीची तयारी विमानात बसण्याआधी व्हायला हवी. ज्याला नोकरीसाठी हा कोर्स करायचाय, त्याच्या दृष्टीने कोर्स जुलैमध्येच सुरू होतो.

निबंध: साखर कारखान्याची गोष्ट

‘लहानपणापासून मला शेअर बाजाराची ओढ होती’ या वाक्याने सुरू होणारे निबंध आम्ही इतके वाचलेत की आता लाल पेनसुद्धा आपोआप उघडतं. ओढ सगळ्यांनाच असते. वाचणाऱ्याला हवं असतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने केलेलं काहीतरी.

कोल्हापूरकडची एक मुलगी आमच्याकडे आली होती. ऑडिट फर्ममध्ये काम केलेलं, पण निबंधात वॉरन बफे. गप्पा मारताना कळलं की एका साखर कारखान्याच्या ऑडिटला ती दोन हंगाम गेली होती. मग ती आपसूक बोलू लागली. ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, हा कायदा. साखर मात्र वर्षभर हळूहळू विकली जाणार. मधल्या काळात पैसा कुठून आणायचा? गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवायची आणि कर्ज उचलायचं. साखरेचा भाव पडला की तारणाची किंमत पडते, उचल कमी होते आणि त्याच वेळी देणी अंगावर आलेली असतात. तिने विचारलं, ‘हे लिहिलं तर चालेल का? हे फार गावाकडचं वाटतं.’ वर्किंग कॅपिटल, तारणाचं मूल्यांकन, किमतीची जोखीम, सगळं एका गोदामात होतं. बफे निघून गेले. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं की भावाची जोखीम आधीच कशी झाकता येईल हे तिला कळत नाही, आणि त्यासाठीच डेरिव्हेटिव्हजचा (भाव आधीच बांधून ठेवणाऱ्या करारांचा) अमुक पेपर शिकायचाय. ‘हाच कोर्स का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच येऊन गेलं.

तुमच्याकडे कारखाना नसेल. पतसंस्था असेल, वडिलांच्या दुकानाची उधारीची वही असेल, हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड असेल. ते घेऊन या.

शिफारसपत्र आणि नावाचा घोळ

‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं सर म्हणतात तेव्हा ते प्रेमानेच म्हणतात. पण आता कागदावर सही चालत नाही. शाळा थेट सरांच्या ईमेलवर लिंक पाठवते आणि कॉलेजच्या डोमेनचा पत्ता मागते. जीमेलचा पत्ता दिला की शंका घेतली जाऊ शकते. सरांना स्वतः लिहायला लावण्याचा उपाय सोपा आहे: तुमचा प्रकल्प, त्यांच्या विषयातले मार्क आणि वर्गातला एखादा प्रसंग, एवढं एका पानावर लिहून त्यांना द्या. चार आठवडे आधी द्या, परीक्षांच्या मोसमात सहा. विभागप्रमुखांचं पद मोठं, पण तुम्हाला ओळखणारे साधे लेक्चरर बरे.

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा. एखाद्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच. लग्न झालेल्या मुलींचा घोळ आणखी वाढतो. परीक्षेची नोंदणी, अर्ज, व्हिसा सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल तर जीमॅटची तारीख घेण्याआधी करा.

काही शाळा व्हिडिओ मुलाखत घेतात. पडद्यावर प्रश्न येतो, काही सेकंद विचाराला, मिनिटभर उत्तराला. समोर माणूस नसतो, म्हणून पाठ केलेलं उत्तर आणखी कृत्रिम वाटतं. आरशासमोर नाही, मोबाइलसमोर सराव करा. दाराला कडी लावा.

पैसा

लंडनमधल्या नावाजलेल्या कोर्सची फी ४० हजार पौंडांच्या वर जाते. पौंड ११५ रुपये धरला तर ४६ लाख, आणि यात राहणं-खाणं नाही. हा आकडा घरी मोठ्याने बोलून पाहा.

ब्रिटनच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. एक दिवस जरी रक्कम खाली आली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काकांनी कितीही मनापासून सांगितलं, ‘माझ्या खात्यात आहेत ना,’ तरी काकांचं खातं चालत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर असेल तर त्याचं पत्र चालतं. कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवताना वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर तो कापला जातो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

कोर्सनंतर ब्रिटनमध्ये राहून नोकरी शोधायला आजवर दोन वर्षं मिळत आली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार आहे. अमेरिकेत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गातल्या कोर्सनंतर, जसा एमआयटीचा आहे, एका वर्षावर आणखी दोन वर्षं कामाची मुभा मागता येते. कर्जाचा हप्ता ठरवताना हे महिने मोजा.

शिष्यवृत्तीबद्दल थोडं. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, फ्रेशरांनी त्यात वेळ घालवू नये. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जाहिरातीतली जागतिक क्रमवारीची अट नीट वाचा, कारण फक्त व्यवस्थापन शिकवणाऱ्या शाळा विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत सहसा नसतात आणि नाव कितीही मोठं असलं तरी अर्ज तिथे अडकू शकतो. डॉ. आंबेडकर एलएसईमध्ये शिकत असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. पैशाची सोय आणि कोर्सची मुदत यांचा मेळ आधी घाला, असं आम्ही म्हणतो तेव्हा मनात हे असतं.

आम्ही काय करतो, काय करत नाही

आम्ही निबंध लिहून देत नाही. वाचतो, प्रश्न विचारतो, खोडतो, पुन्हा लिहायला लावतो. शिफारसपत्रं बनवत नाही. प्रवेशाची हमी देत नाही. कुणी देत असेल तर ती लेखी मागून पाहा. कोणत्याही विद्यापीठाकडून कमिशन घेत नाही. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं एजंटांना ते देतात, आणि मग न देणाऱ्या शाळांची नावं यादीतून अलगद गळतात. आमची फी फक्त तुमच्याकडून, तीन हप्त्यांत, पावतीसह. पहिली भेट मोफत.

एकाच वेळी सहापेक्षा जास्त अर्ज आम्ही हाती घेत नाही. दहा-बारा ठिकाणी टाकू, कुठेतरी लागेल, असं म्हणणाऱ्यांचे निबंध चौथ्या शाळेपासून एकसारखे होतात. एकाचं तर शाळेचं नाव बदलायचंच राहून गेलं होतं, पाठवण्याच्या आदल्या रात्री सापडलं. जागा राखण्यासाठी भरायची अनामत रक्कम बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे ऑफर आल्यावर तारखांचं कोष्टक तुमच्याबरोबर बसून करतो.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्टची झेरॉक्स, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एक पानी सीव्ही आणि आतापर्यंत केलेल्या एखाद्या कामाचा कागद आणा: ऑडिटची टिपणं, प्रकल्प, एक्सेलची फाइल, काहीही. यादी घरी राहिली तरी चालेल. आईवडिलांपैकी कुणी येणार असेल तर शनिवारची वेळ घ्या, त्या दिवशी घाई नसते.