रोझेशिया आणि कमी रक्तदाब एकत्र असताना घ्यावयाची काळजी

आमच्या औषध दुकानात त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या ग्राहकांपैकी काहींना रोझेशियाच्या जोडीने कमी रक्तदाबाचाही त्रास असतो. दोन्ही तक्रारींसाठी ते वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, आणि मग एका तक्रारीवरच्या उपायाने दुसरी बळावते आहे, हे पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात येत नाही. अशा ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांना काय विचारावे आणि काय आवर्जून सांगावे, हे ठरवायला त्याची मदत व्हावी.

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळ यांचा, दीर्घकाळ चालणारा दाह आहे. तो संसर्गजन्य नाही. सुरुवातीला चेहरा अधूनमधून लाल होऊन तापतो. पुढे लाली टिकून राहते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि काहींना पुटकुळ्या येतात. या पुटकुळ्या मुरुमांसारख्या दिसत असल्या, तरी मुरुमांबरोबर आढळणारे काळे आणि पांढरे बारीक खडे रोझेशियात नसतात. आपल्याकडच्या गव्हाळ व सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसून येत नाही. चेहरा काळपट तांबूस वाटतो, आग होते, साधा साबणही झोंबतो, आणि त्यामुळे निदानाला उशीर होतो. डोळे चुरचुरणे, पापण्यांच्या कडा सुजणे हीसुद्धा याच विकाराची लक्षणे असू शकतात.

रक्तदाब साधारणपणे ९०/६० च्या खाली असल्यास तो कमी मानला जातो. तरीही आकडा कमी असून काहीच त्रास होत नसेल, तर बहुतेकांना उपचारांची गरज पडत नाही. चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, उभे राहताच तोल जाणे असे घडत असेल, तर मात्र कारण शोधावे लागते. आडवे किंवा बसलेले असताना मोजलेला रक्तदाब उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरच्या आकड्यात २० किंवा खालच्या आकड्यात १० ने उतरत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना अवश्य दाखवावी. नुसते बसून एकदा घेतलेले माप हा फरक दाखवत नाही.

रोझेशियामुळे रक्तदाब कमी होतो, असे नाही. तरीही या दोघांना एकाच वेळी डिवचणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे चेहरा लाल होतो आणि त्याच वेळी रक्त त्वचेकडे वळल्याने रक्तदाब उतरतो. कडक उन्हात रांगेत ताटकळणे, कोंदट मंगल कार्यालयात तासन् तास उभे राहणे, मद्यपान करणे, या सर्वांचा परिणाम दोन्हींवर होतो. दिवाळीचे अभ्यंगस्नान हे याचे अगदी घरचे उदाहरण म्हणता येईल. उटणे चोळल्याने चेहऱ्याची त्वचा खरवडली जाते, कढत पाण्याने अंगातील रक्तवाहिन्या सैलावतात, आणि वाफेने भरलेल्या न्हाणीघरात पाटावरून एकदम उठताना चक्कर येते. उटणे अंगालाच लावावे, चेहऱ्याला लावू नये. पाणी कोमट घ्यावे आणि उठण्यापूर्वी क्षणभर पाय हलवून घ्यावेत. पार्लरमधील वाफ, ब्लीच आणि चोळून केलेले फेशियल हे प्रकार रोझेशिया असलेल्यांनी टाळलेलेच बरे.

चेहरा गार करण्यासाठी साध्या पाण्यात भिजवून पिळलेला सुती रुमाल पुरतो. बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवण्याची जी टूम सध्या निघाली आहे, तिने नाडी मंदावते. ज्यांना आधीच भोवळ येते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

औषधांविषयी अधिक सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण खरी गफलत तिथेच होते. मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड यांची चेहऱ्याला लावायची जेल व क्रीम सर्वसाधारणपणे रक्तदाबाला धक्का लावत नाहीत. लाली तात्पुरती उतरवणाऱ्या ब्रिमोनिडिन आणि ऑक्सिमेटॅझोलिन या औषधांची गोष्ट वेगळी आहे. ती त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. मात्र उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणाऱ्यांनी ती जपून वापरावीत, अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकातच असते. शिवाय ब्रिमोनिडिनचा असर ओसरल्यावर काहींची लाली पहिल्यापेक्षा जास्त उसळते. वारंवार लालबुंद होणाऱ्या चेहऱ्यासाठी काही वेळा प्रोप्रॅनोलोल, कार्व्हेडिलोल किंवा क्लोनिडिनच्या गोळ्या दिल्या जातात. या मुळात रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या आहेत. तुमचा रक्तदाब कमी असतो, हे त्वचेच्या डॉक्टरांना ठाऊकच नसेल, तर त्या लिहून दिल्या जाण्याची शक्यता राहते. म्हणून ते न विचारताही सांगावे. मात्र अशी गोळी आधीपासून चालू असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नये.

याची दुसरी बाजूही आहे. उच्च रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने चेहरा लाल होऊ शकतो, आणि मात्रा जास्त झाल्यास रक्तदाब गरजेपेक्षा खाली जातो. छातीत दुखण्यावरील नायट्रेटच्या गोळ्यांनीही हे दोन्ही होते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनने वयस्कर पुरुषांना उठताना घेरी येऊ शकते. त्यामुळे घरातील ज्येष्ठांचा चेहरा अलीकडेच लाल होऊ लागला असेल आणि तोलही जात असेल, तर नवे मलम मागण्यापूर्वी चालू गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर ठेवावा.

पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन दिले जाते. कमी रक्तदाबाच्या अनेक महिलांना रक्तक्षयही असतो आणि त्यांच्या लोहाच्या गोळ्या चालू असतात. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरची काही औषधे डॉक्सिसायक्लिनला पोटातच अडवतात, त्यामुळे त्याचा पुरेसा भाग रक्तात पोहोचत नाही. या दोन्ही गोळ्यांमध्ये दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. एका पाकिटावर आम्ही ‘सकाळी’ आणि दुसऱ्यावर ‘रात्री’ असे लिहून देतो ते याचसाठी, आणि तरीही दोन्ही एकाच घोटाबरोबर घेणारे ग्राहक आम्हाला भेटतात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि नंतर लगेच आडवे होऊ नये. या औषधाच्या काळात उन्हाने त्वचा लवकर भाजते. गरोदरपणात ते घेऊ नये.

स्टिरॉइड असलेली मलमे हा आमच्या दृष्टीने सर्वांत चिंतेचा विषय आहे. शेजारणीला गुण आला म्हणून ‘तीच ट्यूब’ मागितली जाते. तिने दोन-चार दिवस चेहरा उजळ आणि शांत दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात आणि ट्यूब थांबवताच चेहरा पेटतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशा यादीत घातली. आम्ही ती चिठ्ठीशिवाय देत नाही. कृपया आग्रह धरू नये.

खाण्यापिण्यात सरसकट पथ्य करण्याची गरज नाही. मिसळीचा कट, ठेचा, गरमागरम रस्सा यांनी प्रत्येकाचा चेहरा लाल होतोच असे नाही. आपल्याला काय बाधते हे चार-सहा आठवडे वहीत टिपून पाहावे. चहा-कॉफीच्या बाबतीत दोष बहुधा पेयाच्या गरमपणाचा असतो. कॉफीने रक्तदाब थोडा वेळ वाढतो, त्यामुळे ती निववून प्यायल्यास दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. भरपेट जेवणानंतर रक्तदाब उतरत असेल, तर थोडे थोडे आणि अधिक वेळा खावे. निर्जळी उपवास टाळावेत. पाणी, पातळ ताक, सरबत दिवसभर घेत राहावे. मीठ वाढवण्याचा सल्ला कमी रक्तदाबात दिला जातो खरा, पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो घातक ठरू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तरच मीठ वाढवावे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे, पेल्यात थोडी पूड टाकून घेऊ नये.

उन्हात जाताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, सुगंधरहित, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन लावावे. ते चेहऱ्यावर पांढरट दिसते, हे खरे आहे. रंगछटा असलेले घेतल्यास हा प्रश्न बराच सुटतो. रुंद काठाची टोपी किंवा छत्री यांनाही तितकेच महत्त्व आहे. चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळल्यास आत उष्मा साठतो, त्यामुळे सुती कापड सैलसर बांधावे. उभे राहून अंधारी येऊ लागल्यास पाय एकमेकांवर आवळून मांड्या घट्ट कराव्यात, आणि तरीही बरे न वाटल्यास तिथेच खाली बसावे.

काही लक्षणे मात्र रोझेशियाची म्हणून सोडून देता येणार नाहीत. चेहरा लाल होण्याबरोबर अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वासाला घरघर लागणे आणि भोवळ येणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची चिन्हे असू शकतात. अशा वेळी विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वारंवार चेहरा लाल होऊन जुलाब होणे किंवा दर वेळी रक्तदाब एकदम घसरणे यामागे संप्रेरकांशी वा पेशींशी संबंधित दुर्मीळ विकार असू शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी असते. डोळा दुखून नजर धूसर झाल्यास नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.

दुकानात येताना दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. ती शेजारी ठेवून पाहण्याचे आणि शंका असल्यास डॉक्टरांना फोनवर विचारण्याचे काम आमचे फार्मासिस्ट करतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. रक्तदाबही मोजून दिला जातो, मात्र उन्हातून आल्यावर किमान ५ मिनिटे बाकावर बसल्याशिवाय आम्ही दंडाला पट्टा बांधत नाही.