शालेय नेत्रतपासणी

शालेय नेत्रतपासणी : शाळकरी मुलांची दृष्टी ठरावीक अंतरावरून, ठरावीक तक्त्यावर तपासून ज्यांना सविस्तर तपासणीची गरज आहे अशी मुले वेगळी काढण्याची पद्धत. हे निदान नव्हे, चाळणी होय. ती शिक्षक, परिचारिका किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक करू शकतात. चष्म्याचा नंबर काढणे हे नेत्रतज्ज्ञाचे वा दृष्टिमापनतज्ज्ञाचे काम. लघुदृष्टी (दूरचे धूसर दिसणे), मोठ्या नंबराची दीर्घदृष्टी (जवळचे धूसर दिसणे), दृष्टिवैषम्य (वेगवेगळ्या दिशांच्या रेघा सारख्या स्पष्ट न दिसणे), तसेच तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावतीमुळे येणारी मंददृष्टी (बोलीत ‘आळशी डोळा’) हे दोष या चाळणीत सापडावेत अशी अपेक्षा असते. मूल सहसा स्वतःहून तक्रार करीत नाही. एका डोळ्याने धूसर दिसत असले, तरी दुसरा डोळा भागवून नेतो. दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसणाऱ्याला फळा सगळ्यांना असाच दिसतो असे वाटते.

इतिहास : सुरुवात नेमकी कोठून धरायची याविषयी एकमत नाही. काही लेखक जेम्स वेअर या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या १८१३ सालच्या निबंधाकडे बोट दाखवतात. चेल्सी येथील सैनिकी शाळेतील सुमारे १,३०० मुलांमध्ये लघुदृष्टीची तक्रार जवळजवळ नव्हती, उलट ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत चष्मा वापरणारे बरेच होते, असे त्याने नोंदवले. मात्र ही चौकशी होती, मापन नव्हते. आणि प्रमाणित तक्ता नसताना ते होणारही नव्हते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील हेर्मान स्नेलेनचा तक्ता १८६२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी क्यूख्लर व येगर यांनी अक्षरांचे तक्ते केले होते. पण अक्षराचा आकार डोळ्यापाशी होणाऱ्या कोनाशी काटेकोर बांधण्याचे श्रेय सामान्यतः स्नेलेनला दिले जाते.

त्यानंतर लवकरच हेर्मान कोन (१८३८–१९०६) या ब्रेस्लाउच्या (आजचे व्ह्रोत्सवाफ) नेत्रवैद्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीचे प्रमाण दीड टक्क्याच्या आत, तर गिम्नाझिउममध्ये (विद्यापीठपूर्व जर्मन माध्यमिक शाळेत) सुमारे २६ टक्के होते आणि ते इयत्तेगणिक वाढत होते. दोष बाकांचा आणि अपुऱ्या उजेडाचा, असे त्याचे मत. त्याची गणती ग्राह्य धरली जाते. कारणमीमांसेतील बाकांचा भाग आज फारसा कोणी मानत नाही, उजेडाच्या मुद्द्याला मात्र मैदानावरील वेळ आणि लघुदृष्टी यांच्या अलीकडील अभ्यासांतून वेगळ्या रूपात बळ मिळाले आहे. तरीही कोनचे काम हे सर्वेक्षण होते. शिक्षकाच्या हाती तक्ता देऊन सर्व मुले तपासण्याची कायदेशीर सक्ती अमेरिकेतील कनेटिकट राज्यात १८९९ साली झाली. आजच्या अर्थाने शालेय तपासणीचा आरंभ येथून धरणे अधिक योग्य दिसते.

‘ई’ चिन्हाचा तक्ता : अक्षरओळख नसलेल्यांसाठी वापरला जाणारा, चार दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता कोणी प्रथम केला याविषयीही गोंधळ आढळतो. ह्यू टेलर यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजात काम करताना तो शोधला, असे विधान वारंवार केले जाते. टेलर यांचे योगदान तक्त्याच्या नव्या रचनेचे आहे, हे म्हणणे जास्त पटण्याजोगे आहे. कारण हे चिन्ह त्याच्या कितीतरी आधी वापरात होते आणि जर्मन भाषेत आजही ते ‘स्नेलेनचे हुक’ या नावाने ओळखले जाते. तुटक्या कड्याचे लँडोल्ट चिन्ह १८८८ चे, तर लहान मुलांसाठीची ली हायव्हरिनेन यांची चित्रचिन्हे (घर, सफरचंद, वर्तुळ, चौकोन) १९७६ ची. बेली व लव्ही यांचा, प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असलेला लॉगमार पद्धतीचा (ओळीगणिक अक्षरांचा आकार ठरावीक पटीने बदलणारा) तक्ताही त्याच वर्षीचा.

मापाचे गणित : ६/६, ६/९ अशा नोंदीत वरचा आकडा तपासणीचे अंतर (मीटर), तर खालचा आकडा निर्दोष डोळा ती ओळ जितक्या मीटरवरून वाचतो ते अंतर. ६/६ ओळीतील चिन्ह ६ मीटरवर ५ कोनीय मिनिटे (१ मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढे भरते व त्याची प्रत्येक रेघ १ मिनिट जाडीची असते. म्हणून त्याची उंची ८.७ मिमी. येते; ६/९ चे चिन्ह १३.१ मिमी. आणि ६/६० चे ८७ मिमी. तक्ता छायाप्रत काढून किंवा घरच्या छपाईयंत्रावर छापला असेल, तर फुटपट्टीने ही उंची मोजून पाहावी. पान कागदात बसवण्याची सोय चालू राहिली, तर सर्व चिन्हे निमूटपणे काही टक्क्यांनी लहान होतात आणि मुले उगाच नापास होतात.

कृती : तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चकाकी पडणार नाही अशा भिंतीवर लावतात, त्याच्या मागे वा शेजारी उघडी खिडकी नसावी. अंतर फितीने मोजून जमिनीवर रेघ आखतात. ६ मीटर जागा नसेल, तर ३ मीटरचा वेगळा तक्ता घ्यावा, ६ मीटरचाच पुढे आणू नये. जवळच्या तक्त्यावर पुढे झुकणे जास्त महागात पडते : मूल ३० सेंमी. पुढे आले, तर ६ मीटरवर लॉगमार तक्त्यावरील एका अक्षराचा फरक पडतो, ३ मीटरवर दोनाहून अधिक. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून मोठी चिन्हे दाखवतात, म्हणजे मुलाला खेळ कळतो. मग डावा डोळा झाकून उजवा, नंतर उलट. चष्मा असलेले मूल चष्मा लावूनच तपासतात.

बहुतेक चुका डोळा झाकण्यात होतात. बोटांनी झाकले, तर फटीतून दिसते. तळहाताने दाबून झाकले, तर तो डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतो आणि त्याचाच निकाल बिघडतो. नाकाच्या बाजूने डोकावणे इतके सर्रास असते, की चिकटपट्टी वा झाकणी असलेला चष्मा वापरणे बरे. मान वळवणे किंवा डोळे बारीक करणे हेही टिपावे. बारीक केलेला डोळा बारीक छिद्रासारखे काम करून एखादी ओळ जास्त वाचतो. रांगेतील मुलांना उत्तरे ऐकू गेली, तर ती पाठ होतात. म्हणून रांग दाराबाहेर ठेवतात आणि दुसऱ्या डोळ्यासाठी चिन्हे उलट क्रमाने विचारतात.

‘ई’ चार दिशांना असल्याने नुसत्या अंदाजाने एक उत्तर बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. चारपैकी तीन बरोबर हा निकष लावला, तर ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. लहान मुले डावे-उजवे यांत चुकतात, वर-खाली यांत क्वचितच. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा ‘ई’ देऊन तसाच धरायला सांगितले, तर भाषेचा प्रश्न उरत नाही. एकेकटे चिन्ह दाखवण्याचा मोह टाळावा. मंददृष्टीच्या डोळ्याला गर्दीतले चिन्ह दिसत नाही, पण सुटे दिसते, त्यामुळे दोष नेमका निसटतो. सुटे दाखवायचेच असेल, तर भोवती रेघांची चौकट हवी.

निकष : पाच वर्षांखालील मुलांसाठी ६/१२, त्यापुढे ६/९ ओळ वाचता न आल्यास पुढे पाठवावे, असा साधारण प्रघात आहे, नेमकी रेषा कार्यक्रमागणिक बदलते. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल, तर दोन्ही ‘पास’ असूनही मूल पुढे पाठवतात. पहिल्यांदा नापास झालेल्याची त्याच दिवशी वा आठवडाभरात फेरतपासणी केल्यास उगाच धाडलेल्यांची संख्या बरीच घटते.

मर्यादा : दूरच्या तक्त्यावर दीर्घदृष्टी सहज लपते, कारण मुलाच्या भिंगाची समायोजनशक्ती (आकार बदलून प्रतिमा स्पष्ट करण्याची ताकद) मोठी असते. त्यासाठी +२.०० चे भिंग डोळ्यापुढे धरून तीच ओळ वाचायला लावतात. निर्दोष डोळ्याला ती धूसर व्हायला हवी. तरीही वाचता आली, तर दीर्घदृष्टीचा संशय. नंबर निश्चित करताना याच कारणाने समायोजन शिथिल करणारे थेंब (बहुधा सायक्लोपेंटोलेट) घालतात. तिरळेपणासाठी एक डोळा झाकून दुसऱ्याची हालचाल पाहतात. रंगांधत्वासाठी इशिहाराचे पट (१९१७) ७५ सेंमी. अंतरावरून दाखवतात.

पाठपुरावा : चष्मा दिल्यावर काही आठवड्यांनी तो लावूनच पुन्हा मापन करतात. नुसत्या चष्म्यानेही मंददृष्टी पुष्कळ सुधारू शकते. न सुधारल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात, मध्यम दोषात रोज २ तास, तीव्र दोषात ६ तास. वयाची सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सुरू केलेल्या उपचाराला प्रतिसाद अधिक चांगला मिळतो.