वरचं, खालचं आणि मधली टकटक

"मशीन बिघडलंय. आत्ता 142 दाखवलं, लगेच परत लावलं तर 131!" घरी बीपीचं मशीन आणलं की ही तक्रार ठरलेली. मशीन बहुधा ठणठणीत असतं. बीपी म्हणजे उंचीसारखा एक कायमचा आकडा, ही समजूत चुकीची. प्रत्येक ठोक्यागणिक धमनीतला दाब चढतो आणि उतरतो. चढाचं टोक म्हणजे वरचं बीपी, उताराचा तळ म्हणजे खालचं. बोलण्याने, धास्तीने, अगदी लघवी तुंबल्यानेही हे दोन्ही हलतात.

मला भुरळ पडते ती हा दाब मोजण्याच्या युक्तीची. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली, तर रक्त 8 फुटांहून वर चढलं. 1733 साली त्याने हे छापलं. माणसावर असं काही करणं शक्यच नव्हतं. 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोचीने दंडाला हवेचा पट्टा बांधून बाहेरूनच दाब मोजला. पण मनगटाची नाडी चाचपून त्याला वरचाच आकडा मिळे. खालचा सापडला 1905 मध्ये, निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जनला, आणि तोही कानाने.

मोकळ्या धमनीतून रक्त थराथरांनी, गुपचूप वाहतं. कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला तर काही ऐकू येत नाही. पट्टा फुगवून वरच्या बीपीपलीकडे नेला की धमनी चपटी होते, रक्त थांबतं, तेव्हाही शांतताच. आता हवा हळूहळू सोडायची. पट्ट्यातला दाब वरच्या बीपीच्या किंचित खाली आला, की ठोक्याच्या ऐन टोकाला धमनी क्षणभर उघडते, रक्ताची चिळकांडी निसटते आणि धमनी पुन्हा मिटते. टक्! पुढच्या ठोक्याला पुन्हा टक्. पट्टा खालच्या बीपीच्याही खाली उतरला की धमनीला मिटायचं कारणच उरत नाही, आणि आवाज विरतो. 120/80 मधला 120 म्हणजे टकटक सुरू झाली ती जागा, 80 म्हणजे थांबली ती.

डिजिटल मशीन ही टकटक ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं. थरथर सर्वांत जास्त असते तिथे सरासरी दाब धरतं, आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून गणिताने काढतं. नाडी अनियमित असली तर हे गणित फसू शकतं.

आकड्याचं एकक पाऱ्याचे मिलिमीटर. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, रक्त जवळपास पाण्याइतकंच, म्हणून 120 मिलिमीटर पारा म्हणजे रक्ताचा सुमारे दीड मीटर उंच स्तंभ. त्याच हिशेबाने हात हृदयापेक्षा 10 सेंटीमीटर खाली लोंबत असला की आकडा साधारण 8 ने फुगतो. दंडाला अपुरा पडणारा पट्टाही तो फुगवतो. बीपी उतरावं म्हणून घातलेल्या चुंबकाच्या कड्याने मात्र तो तसूभरही उतरत नाही. बीपी सांगणाऱ्या घड्याळांचा गवगवा आहे, पण त्यांतल्या बऱ्याच घड्याळांना आधी पट्ट्याच्या मशीनवरूनच आकडा शिकवावा लागतो.

तेव्हा पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं आठवडाभर लिहून ठेवा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून वर निघाली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोकं दुखायची वाट बघू नका. वाढलेलं बीपी बहुतेकदा काहीच दुखवत नाही. हृदयाचा डावा कप्पा मात्र त्या दाबाविरुद्ध रक्त रेटून रेटून जाड होत राहतो.