आवाजी सहायक आणि मराठवाड्यातली म्हातारी माणसं : पार्श्वभूमी

फोनवर बोलून माहिती घेणं मराठवाड्याला नवं नाही. शेतकऱ्यांसाठीची टोल-फ्री सल्लासेवा २००४ पासून चालू आहे. पण तिथे पलीकडे माणूस असतो. तो थांबतो, पुन्हा विचारतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये फोनमधल्या आवाजी सहायकाला, म्हणजे बोललेलं ऐकून उत्तर देणाऱ्या यंत्राला, मराठी येऊ लागली आणि पलीकडे यंत्र आलं.

सोय ज्यांना सगळ्यात जास्त हवी, त्यांची शाळाच हुकलेली. निजामी राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, माध्यमिक शिक्षण उर्दूतून आणि खेड्यांत शाळा मोजक्याच. ती तूट पुढे कित्येक वर्षं भरली नाही, मुलींच्या बाबतीत तर फारच. यंत्राला बोली शिकवायला लोकांचे आवाज गोळा होऊ लागले, तेव्हाही बऱ्याच ठिकाणी पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवायचं होतं. वाचता न येणारी आजी तिथेच गळाली. तिच्यासोबत तिच्या मराठवाडी बोलीतलं ‘करायलो’, ‘जायलो’ही गळालं.

खरा वाद मात्र एका बारीक दिसणाऱ्या निर्णयाचा आहे : बोलणं संपलं, हे यंत्राने कधी मानायचं? साधारण सेकंदभर शांतता झाली की ते ऐकणं थांबवतं. ‘निराधारचा पगार...’ म्हणून आजी दम घेते, बँकेचं नाव आठवते, तोवर यंत्र भलतंच उत्तर देऊन मोकळं. दोनदा असं झालं की ती फोन खाली ठेवते आणि ‘मलाच येत नाही’ म्हणते. हे मला फार लागतं, कारण चूक तिची नाहीच. जास्त थांबलं तर पंख्याचा, टीव्हीचा आवाज आत शिरतो, उत्तराला उशीर होतो, असं बनवणारे सांगतात. ते खरं आहे. पण तरुणाचा वाया जाणारा क्षण आणि म्हाताऱ्या माणसाचं अर्ध्यात तुटलेलं बोलणं एका मापाचं कसं धरायचं? असे निर्णय घेताना सत्तरीपुढची माणसं समोर बसलेली हवीत, तयार वस्तू तपासायला शेवटी बोलावलेली नकोत.

२०२२ मध्ये आयफोनच्या सिरी या आवाजी सहायकाला जास्त वेळ थांबायला सांगायची सोय आली. ती सेटिंगमध्ये, अक्षरांच्या मागे आहे. बीडकडची कितीतरी कर्ती माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. सेटिंग बदलून देणारा मुलगा हंगामभर फडावर असतो. म्हणून जास्तीचा वेळ फोनमध्ये मुळातच हवा. घाई असेल त्याने तो कमी करून घ्यावा.