शाळेतल्या जेवणावरून गरिबी मोजताना

अमेरिकेत एखाद्या शाळेत गरीब मुले किती, असे विचारले की उत्तर बहुधा जेवणाच्या नोंदींतून येते: मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्यांची टक्केवारी. आपल्याकडे आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत खिचडी सगळ्यांनाच मिळते, तिच्यावरून कोणाच्या घरची परिस्थिती कळत नाही. तिथे मात्र पालकांनी उत्पन्नाचा अर्ज भरायचा आणि त्यावरून मूल फुकट जेवणार, सवलतीत जेवणार की पूर्ण पैसे भरणार हे ठरायचे.

ही योजना गरिबी मोजायला आणलेली नव्हती. १९३० च्या दशकातल्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा सरकार जादा माल विकत घेऊन शाळांना देऊ लागले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण कुपोषणापायी अपात्र ठरले. १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर सही केली. ऐपत नसलेल्या मुलांना फुकट किंवा कमी पैशांत जेवण द्या, असे कायदा सांगत होता. ऐपत कोणाची नाही, हे मात्र स्थानिक अधिकारी ठरवत. देशभर एकच निकष आला तो १९७० च्या दुरुस्तीने. १९८१ मध्ये ठरलेल्या मर्यादा आजही आहेत: दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ४० सेंट.

त्यामुळे दरवर्षी प्रत्येक शाळेचा आकडा आयता मिळू लागला. १९६५ च्या शिक्षण कायद्याचा, गरीब मुलांसाठीचा निधी जिल्ह्यातल्या शाळांत वाटताना तो वापरला गेला. २००२ च्या कायद्याने गरीब विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे दाखवायला लावले, तेव्हा बहुतेक राज्यांनी तोच उचलला.

पण १८५ टक्के म्हणजे दारिद्र्यरेषेच्या जवळजवळ दुप्पट. २०१३ मध्ये सरकारी शाळांतली ५१ टक्के मुले अशी पात्र होती, तर अधिकृत बालदारिद्र्य होते सुमारे २० टक्के. तरीही ‘निम्म्याहून अधिक मुले गरीब’ अशा बातम्या झळकल्या. दुसरीकडे, खरी टंचाई या आकड्यात झाकली जाते. मिशिगन राज्यातल्या एका संशोधनात आठवीची जवळपास निम्मी मुले त्या वर्षी पात्र होती, पण बालवाडीपासून दरवर्षी पात्र ठरलेली फक्त १४ टक्के. अभ्यासात सर्वांत मागे होती ती हीच मुले. शिवाय माध्यमिक शाळेत लाजेपायी अर्जच न भरणारी मुलेही असतात. त्यांची भूक कोणत्याच रकान्यात येत नाही.

२०१० च्या कायद्याने चित्र पालटले. ज्या शाळेत किमान ४० टक्के मुले फूड स्टॅम्पसारख्या (गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत) योजनांच्या यादीतून थेट पात्र ठरतात, तिथे अर्ज न घेता सगळ्यांनाच मोफत जेवण देता येऊ लागले. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आली. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी तर २०२२ पासून सरसकट सर्व मुलांना जेवण दिले. मला हे मनापासून योग्य वाटते. जेवायला बसलेल्या मुलाकडून गरिबीचा पुरावा मागायचे काहीच कारण नाही.

अर्ज थांबले तशी मोजणी अडली. मॅसॅच्युसेट्सने २०१४-१५ पासून केवळ सरकारी योजनांच्या याद्यांवरून गरीब विद्यार्थी मोजायला घेतले आणि त्यांचे प्रमाण एकदम घटले. अशा यादीत नाव नसलेली, विशेषतः स्थलांतरितांच्या घरातली मुले मोजणीतून गळली आणि ती ज्या शाळांत होती त्या शाळा कागदावर कमी गरीब दिसू लागल्या. काही वर्षांनी त्या राज्याला व्याख्या पुन्हा रुंद करावी लागली.